किपचोगेचा शू आपल्या मॅरेथॉनला: नायके अल्फाफ्लाय ३

अल्फाफ्लाय ३ घ्यायला निघालेल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शू नसतो, केनियाचा मॅरेथॉनपटू एलियुड किपचोगे असतो. व्हिएन्नाच्या प्राटर बागेतला तो सरळसोट रस्ता, पुढे चालणारी गाडी, डांबरावर पडलेल्या हिरव्या लेझरच्या रेषा, भोवती आळीपाळीने बदलणारे, वेग धरून देणारे ४१ पेसमेकर आणि मॅरेथॉनचं अंतर संपताना १:५९:४० वर थांबलेलं घड्याळ. १२ ऑक्टोबर २०१९ ला त्याच्या पायात होता तो अल्फाफ्लायचा पहिला नमुना. त्यामुळे या शूबद्दल लिहिताना किपचोगेला बाजूला ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. कोणत्या पायासाठी आणि कोणत्या वेगासाठी हा शू घडला हे कळलं की आपल्याला तो काय देईल याचा अर्धा उलगडा तिथेच होतो.

निकाल आधी सांगून टाकू. ज्यांची पूर्ण मॅरेथॉन साडेतीन तासांच्या आत किंवा आसपास येते, आठवड्याला ५०-६० किलोमीटर धावणं ज्यांचं वर्षभर टिकलेलं आहे आणि ज्यांचा पाय टाचेवर न आपटता मधल्या भागावर किंवा चवड्यावर टेकतो, त्यांच्यासाठी शर्यतीच्या दिवसाचा हा पहिल्या फळीतला शू आहे. पाच-साडेपाच तासांत, मध्ये मध्ये चालत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्यांनी हे पैसे दुसरीकडे लावावेत. चार तासांच्या आसपास असलेल्यांचा मामला गुंतागुंतीचा आहे, तो पुढे येतोच.

आधी आत काय आहे ते. टाचेखाली ४० मिलिमीटर, चवड्याखाली ३२, म्हणजे उतार ८ मिलिमीटरचा. पुरुषांच्या अमेरिकी ९ नंबरात एका शूचं वजन २०० ग्रॅमच्या आसपास भरतं. अल्फाफ्लायच्या तीन आवृत्त्यांत ही सगळ्यात हलकी. ४० चा आकडा योगायोगाने आलेला नाही. ३१ जानेवारी २०२० ला वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेने नियम जाहीर केला की रस्त्यावरच्या शर्यतीत सोलची जाडी ४० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि आत एकापेक्षा जास्त कडक प्लेट नको. हा नियम नुसता कागदावरचा नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये व्हिएन्ना सिटी मॅरेथॉनमध्ये पहिला आलेला इथिओपियाचा देरारा हुरिसा ५० मिलिमीटर सोलचे शूज घातल्यामुळे बाद झाला. अल्फाफ्लाय ३ मर्यादेच्या अगदी काठावर आहे, पण आत आहे, त्यामुळे वयोगटातल्या बक्षिसासाठी धावणाऱ्यांना त्याची काळजी नाही.

सोलचा फोम म्हणजे नायकेचा झूमएक्स, पेबॅक्स नावाच्या हलक्या, उसळत्या प्लॅस्टिकचा. खरी जादू असेल तर ती इथे आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात वाउटर हुगकॅमर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये याच फोमच्या व्हेपरफ्लायची, म्हणजे अल्फाफ्लायच्या आधी आलेल्या नायकेच्या रेसिंग शूची, पहिली मोठी चाचणी केली. दाबल्यावर या सोलने सुमारे ८७ टक्के ऊर्जा परत दिली. आदिदासच्या बूस्ट फोमच्या शूने सुमारे ७६ आणि नायकेच्याच जुन्या पातळ रेसिंग शूने सुमारे ६६ टक्के दिली. त्या चाचणीत १८ धावपटू होते आणि त्यांची ऊर्जेची बचत सरासरी ४ टक्के निघाली. व्हेपरफ्लायच्या नावात पुढे आलेला ‘४%’ तो हाच. चाचणीला पैसा नायकेचा होता, हेही लक्षात असू द्यावं. पण नंतर दुसरीकडे झालेल्या तपासण्यांत आकडा थोडा खाली आला तरी दिशा तीच राहिली.

फोमच्या पोटात कार्बनची पूर्ण लांबीची, चमच्यासारखी वळलेली प्लेट. ही प्लेट स्प्रिंगसारखी उडवते असं धावणाऱ्यांच्या ग्रुपवर छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. हुगकॅमर यांच्याच गटाने नंतर व्हेपरफ्लायच्या प्लेटला आडवे छेद देऊन तिचा कडकपणा घालवला आणि धावपटूंना अखंड व कापलेल्या अशा दोन्ही शूजमध्ये पळवलं. ऊर्जेच्या खर्चात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. प्लेटचं काम मुख्यतः इतका मऊ आणि जाड फोम जागेवर धरून ठेवण्याचं आणि पायाची बोटं वळताना होणारी ऊर्जेची गळती कमी करण्याचं. अल्फाफ्लायमध्ये याच्या जोडीला चवड्याखाली दोन हवेचे पॉड आहेत. व्हेपरफ्लाय आणि अल्फाफ्लाय यांतला ठळक फरक हाच. आधीच्या आवृत्त्यांत टाच आणि चवडा यांच्यामध्ये तळाला खाच होती. तिसरीत तळ सलग केला आहे आणि प्लेट रुंद. पाय टाचेवरून चवड्यावर येताना मध्येच अडखळल्यासारखं वाटायचं, ते यात गेलं आहे. दुसऱ्या आवृत्तीपेक्षा हा बदल खरोखर जाणवतो. बाकी जाहिरातीतल्या अर्ध्या गोष्टी जाणवत नाहीत.

आता किपचोगेकडे येऊ. शूचं श्रेय किती आणि माणसाचं किती हे पाहायचं असेल तर त्याची कारकीर्द शूजच्या तारखांशेजारी मांडून पाहावी.

केनियाच्या नांदी भागातल्या कप्सिसियवा गावचा, जन्म ५ नोव्हेंबर १९८४. २००३ च्या पॅरिस जागतिक स्पर्धेत, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने ५००० मीटरमध्ये हिशाम एल गेरूज आणि केनेनिसा बेकेले या दोघांना मागे टाकलं, वेळ १२:५२.७९. पायात तेव्हा साधे ट्रॅक स्पाइक्स. २००४ च्या अथेन्समध्ये कांस्य, २००८ च्या बीजिंगमध्ये रौप्य, दोन्ही ५००० मीटरमध्ये. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी केनियाच्या संघात जागाच मिळाली नाही आणि तिथून तो रस्त्यावर आला. एप्रिल २०१३ मध्ये हॅम्बुर्ग, पहिलीच मॅरेथॉन, २:०५:३० आणि पहिला नंबर. त्याच वर्षी बर्लिनला २:०४:०५ मध्ये दुसरा. पहिल्या आलेल्या विल्सन किपसांगने त्या दिवशी २:०३:२३ चा विश्वविक्रम केला. यानंतर २०२० पर्यंत तो एकही मॅरेथॉन हरला नाही.

शूच्या दृष्टीने महत्त्वाची शर्यत आहे ती बर्लिन २०१५ ची. शूजच्या आतले सोल सुटून टाचेमागून बाहेर आले आणि शर्यतभर फडफडत राहिले. पाय सोलवटले. तरीही २:०४:०० मध्ये जिंकला, आणि तेव्हाची ती त्याची सर्वोत्तम वेळ होती. म्हणजे प्लेटचे शूज यायच्या आधी, आणि तेही बिघडलेल्या शूजमध्ये, हा माणूस दोन तास चार मिनिटांत धावत होता. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवताना त्याच्या पायात व्हेपरफ्लायचा नमुना होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या आलेल्या फेयिसा लिलेसा आणि गेलन रप यांच्याही. मे २०१७ मध्ये इटलीतल्या मोंझाच्या मोटार शर्यतींच्या ट्रॅकवर २:००:२५. सप्टेंबर २०१८ मध्ये बर्लिनला २:०१:३९, डेनिस किमेट्टोच्या २:०२:५७ या विक्रमापेक्षा एकदम ७८ सेकंदांनी कमी. मग व्हिएन्ना. मग २५ सप्टेंबर २०२२ ला पुन्हा बर्लिन, पहिला अर्धा ५९:५१ आणि पूर्ण २:०१:०९. मोंझा आणि व्हिएन्नाच्या वेळा अधिकृत विक्रमांत धरल्या जात नाहीत, कारण पेसमेकर मधूनच आत-बाहेर होत होते आणि पाणी हातात आणून दिलं जात होतं.

फडफडत्या सोलच्या बर्लिनपासून २०२२ च्या बर्लिनपर्यंत १७१ सेकंद कमी झाले, टक्केवारीत २.३. याच सात वर्षांत त्याचा अनुभव वाढला, पेसमेकिंग सुधारलं, शर्यतीतलं पिणं सुधारलं. हे सगळं मिळून २.३ टक्के. दुकानात काउंटरवर ‘चार टक्के’ ऐकू आले तर हा आकडा आठवावा.

उलटी बाजूही आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या गारठ्यात आणि पावसात अल्फाफ्लाय घालूनच तो आठवा आला, २:०६:४९. २०२३ मध्ये बॉस्टनला न्यूटनच्या चढांवर मागे पडून सहावा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ३० किलोमीटरनंतर शर्यत सोडली. मॅरेथॉन अर्धवट सोडण्याची त्याची ती पहिलीच वेळ. शू त्याच कुळातला, पाय चाळिशीला आलेले. आणि अल्फाफ्लाय ३ वर ज्याचं नाव खरं तर कोरायला हवं तो किपचोगे नव्हेच. ८ ऑक्टोबर २०२३ ला शिकागोत केल्विन किप्टमने २:००:३५ चा विश्वविक्रम केला तेव्हा त्याच्या पायात ‘डेव्ह १६३’ या नावाने नोंदवलेला नमुना होता. तोच जानेवारी २०२४ मध्ये अल्फाफ्लाय ३ म्हणून विक्रीला आला. पुढच्याच महिन्यात केनियात रस्ते अपघातात किप्टम गेला, वय अवघं चोवीस.

मॅरेथॉनच्या या सगळ्या वेळा किलोमीटरला २ मिनिटं ५० सेकंद ते ३ मिनिटांच्या आहेत, ताशी २० ते २१ किलोमीटरच्या आगेमागे. नोंदींनुसार किपचोगे १६७ सेंटिमीटर उंच आणि वजन ५२ किलोच्या आसपास. इतक्या वेगात चवड्यावर येणारा दाब मोठा असतो आणि पाय जमिनीवर टेकून असतो तो अगदी क्षणभर; फोम पूर्ण दबतो आणि लगेच उसळतो. ७५ किलोचा माणूस सहा मिनिटांच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं घेत, धावतो तेव्हा पाय जास्त वेळ जमिनीवर असतो, दाब बराचसा टाचेवर येतो आणि चवड्याखालच्या ज्या पॉडसाठी आपण पैसे मोजले ते धड दबतच नाहीत. शू वाईट नाही, त्याला हवा तो दाब मिळत नाही.

यावर आकडेही आहेत. २०२३ मध्ये डस्टिन जुबर्ट आणि सहकाऱ्यांनी व्हेपरफ्लायची चाचणी मुद्दाम संथ वेगावर घेतली. ताशी १२ किलोमीटरला सरासरी बचत १.४ टक्के आणि ताशी १० किलोमीटरला ०.९ टक्के. आपल्या भाषेत मांडायचं तर पाच मिनिटांच्या पेसने म्हणजे ३ तास ३१ मिनिटांत मॅरेथॉन करणाऱ्याला फार तर तीन मिनिटं, सहा मिनिटांच्या पेसने ४ तास १३ मिनिटांत करणाऱ्याला सव्वादोन मिनिटं. तीही सरासरीने. काहींना यापेक्षा जास्त मिळतं, काहींना काहीच नाही, काहींचा खर्च उलट वाढतो. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या अभ्यासात केनियाच्या अव्वल धावपटूंमध्येसुद्धा प्लेटच्या शूजमुळे एका टोकाला ११ टक्क्यांहून जास्त फायदा आणि दुसऱ्या टोकाला ११ टक्क्यांहून जास्त तोटा दिसला. शू पायाला लागू पडतो की नाही हे नावावरून ठरत नाही, पळूनच कळतं.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर पद्धत सोपी आहे. सपाट रस्ता किंवा ट्रॅक, हवा सारखी, हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा असेल तर उत्तम. मॅरेथॉनच्या पेसने दोन-दोन किलोमीटरचे चार तुकडे: पहिला नेहमीच्या शूजमध्ये, दुसरा आणि तिसरा अल्फाफ्लायमध्ये, चौथा पुन्हा नेहमीच्या. मध्ये तीन-चार मिनिटं विश्रांती. पेस सेकंदा-दोन सेकंदांत सारखा ठेवून हृदयाचे ठोके बघायचे. ठोके कमी पडले तर शू काम करतोय. चारही तुकड्यांत फरक नसेल तर तो मॅरेथॉनच्या दिवशी अचानक उगवणार नाही. मनगटावरच्या घड्याळाचे ठोके अशा कामाला भरवशाचे नसतात.

फिटिंगकडे येऊ, कारण तक्रारी सगळ्यात जास्त इथल्या. वरचा भाग ॲटमनिट नावाच्या पातळ विणलेल्या कापडाचा आहे, मोज्यासारखा सलग, वेगळी जीभ नाही. घाईत पाय सरकवायला गेलात तर आत जाणार नाही. लेस शेवटच्या भोकापर्यंत सैल करायची, पुढचा पट्टा एका हाताने आणि टाचेमागचा दुसऱ्या हाताने धरून ओढायचा. लेस मध्यावर नसून किंचित बाहेरच्या बाजूला आहे, त्यामुळे पायाच्या वरच्या हाडावर दाब येत नाही. ही गोष्ट चांगली. टाचेची पकडही चांगली. चवडा मात्र अरुंद आहे. ज्यांचा पाय पुढे रुंद आहे त्यांनी अर्धा नंबर मोठा पाहावा, पण मग टाच उचलली जाते का हे पळून बघावं. नंबर घेताना नायकेच्या भारतीय साइटवर ब्रिटिश आकडे असतात आणि परदेशी परीक्षणांत अमेरिकी. पुरुषांचा अमेरिकी ९ म्हणजे ब्रिटिश ८, युरोपियन ४२.५, २७ सेंटिमीटर. सेंटिमीटरचा आकडा खोक्यावर असतो. तो धरून चाललात तर गोंधळ होत नाही.

तिसऱ्या आवृत्तीचा सगळ्यात मोठा दोष पायाच्या कमानीशी आहे. आतल्या बाजूने सोलची कड वर येते आणि सपाट पावलाच्या माणसाला ती कमानीखाली टोचते. पाच किलोमीटरला काही कळत नाही. पंधरा-अठराला गरम लागायला सुरुवात होते आणि पंचविसाव्या किलोमीटरला फोड आलेला असतो. घामाने किंवा अंगावर ओतलेल्या पाण्याने मोजे भिजले की लवकर. उपाय तीन: सुती मोजे अजिबात नको, पातळ आणि घट्ट बसणारे सिंथेटिक घ्यावेत, कमानीला आधी व्हॅसलीन किंवा घर्षण कमी करणारा बाम लावावा, आणि तरीही लागत असेल तर त्या जागी स्पोर्ट्स टेप, पण टेपची कड दुमडलेली नको. तिन्ही करूनही ३० किलोमीटरच्या लाँग रनमध्ये फोड आला तर हा शू तुमच्या पायाचा नाही. सवय होईल म्हणून वाट पाहू नये, ही कड मऊ पडत नाही.

दुसरा दोष टाचेवर धावणाऱ्यांना जाणवतो. ४० मिलिमीटरचा मऊ फोम टाचेखाली दबला की घोटा आत-बाहेर झुकतो. सरळ रस्त्यावर भागतं, यू-टर्नवर नाही. शर्यतीत वळणाआधी दोन पावलं आखडून घ्यावी लागतात. खड्डे, पेव्हर ब्लॉक, गतिरोधकाचे उंच पट्टे, सगळीकडे तेच. घोटा आधी मुरगळलेला असेल तर विचार करून घ्यावा. २०२३ मध्ये डॉक्टरांनी प्लेटच्या शूजमध्ये धावणाऱ्या पाच जणांच्या पायाच्या मधल्या, नॅव्हिक्युलर हाडाला आलेल्या ताणाच्या जखमांची नोंद छापली. पाच जणांवरून सगळ्यांबद्दल काही ठरत नाही. तरीही पायाच्या मध्यभागी, वरच्या बाजूला, बोटाने दाबल्यावर एका ठिकाणी दुखत असेल तर शू लगेच बंद करून हाडाच्या डॉक्टरांना दाखवावं. त्यावर धावणं चालू ठेवलं तर महिने जातात.

आवाजाचं म्हणाल तर आधीच्या आवृत्त्यांपेक्षा कमी आहे, पण ठकठक आहेच. ओल्या रस्त्यावर पकड ठीक. पांढऱ्या रंगाचे पट्टे आणि गुळगुळीत फरशी मात्र ओली असली की घसरते.

हा शू किती वापरायचा? किपचोगेचा सराव पाहिला तर उत्तर मिळतं. पॅट्रिक सँग हा त्याचा प्रशिक्षक, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसचा रौप्यविजेता. काप्टागाटचा कॅम्प समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवर. आठवड्याला २०० किलोमीटरच्या वर धावणं, मंगळवारी ट्रॅक, गुरुवारी आलटून पालटून ३० किंवा ४० किलोमीटरचा लाँग रन, शनिवारी फार्टलेक (आलटून पालटून वेगात आणि सावकाश धावणं), बाकी दिवस लाल मातीच्या रस्त्यांवर सावकाश. शिवाय कंबर-पाठ-पोटाचे व्यायाम. यातला मोठा हिस्सा संथ असतो, आणि संथ धावण्याला हा शू लागत नाही. आपल्याकडे उलटं दिसतं: रविवारच्या सात मिनिटांच्या पेसच्या गप्पांच्या रनला अल्फाफ्लाय आणि शर्यतीपर्यंत तो झिजलेला.

शर्यतीआधी त्यात एकूण ५०-६० किलोमीटर पुरे. एक ८-१० किलोमीटरचा रन, ज्यात तीन-चार किलोमीटर शर्यतीच्या पेसने. मग एक टेम्पो, म्हणजे सलग वेगातला रन. मग शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधीचा मोठा लाँग रन, ज्याचे शेवटचे १२-१५ किलोमीटर मॅरेथॉनच्या पेसने. मोजे तेच, बाम तोच, जे शर्यतीला असणार. नंतर खोक्यात. भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली वाळवायचा. उन्हात, गीझरजवळ किंवा बंद गाडीच्या डिकीत नाही. आयुष्य साधारण ३०० ते ४०० किलोमीटर. संपत आल्याची खूण म्हणजे फोमच्या बाजूला पडलेल्या आणि न जाणाऱ्या सुरकुत्या, टाचेच्या बाहेरच्या कडेला रबर जाऊन उघडा पडलेला फोम, किंवा चवड्याखालचा पॉड बसलेला. एका पायाचा पॉड बसला की दोन पायांची उंची वेगळी होते आणि गुडघ्याला कळतं. तो दुरुस्त होत नाही.

मुंबईची मॅरेथॉन या शूसाठी बऱ्यापैकी योग्य आहे: बहुतेक सपाट डांबर, सी लिंकवरचा सलग रस्ता. पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात येतो. तिथे पाय थकून टाचेवर आले की शू मऊ आणि जड वाटू लागतो. पावलं आखूड ठेवून चवड्यावर राहता आलं तरच त्याची मदत होते. शर्यत सुटते त्या सीएसएमटीला मात्र हे घालून जाऊ नये. लोकलमध्ये चढताना, स्टेशनच्या जिन्यावर, रस्त्यात उभं राहताना तळ डुगडुगतो आणि फुकट झिजतो. साधी चप्पल घालावी, शूज पिशवीत न्यावेत, शर्यतीआधी बदलून पिशवी बॅगेज काउंटरला द्यावी. सातारा हिल हाफला अल्फाफ्लाय नकोच. यवतेश्वरच्या चढावर त्याची उंची उपयोगाची नाही आणि परतीच्या उतारावर, सप्टेंबरच्या ओल्या रस्त्यावर, प्रत्येक पावलाला टाचेवर ब्रेक लागत असताना तो धोक्याचा आहे. तिथे कमी उंचीचा, रुंद तळाचा, चांगल्या रबराचा शू हवा.

किंमत वीस हजारांच्या पुढे जाते. बावीस हजार आणि ३५० किलोमीटर धरले तर किलोमीटरमागे ६३ रुपये. दहा हजारांचा आणि ७०० किलोमीटर चालणारा सरावाचा शू किलोमीटरमागे १४ रुपयांना पडतो. अर्ध्या किमतीत ‘ओरिजिनल’ म्हणून मिळणारे जोड बहुतेक नकली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा: अमेरिकी ९ चा एक शू अडीचशे ग्रॅमच्या वर गेला तर घेऊ नका. खोक्यावरचा आणि शूच्या आतल्या लेबलवरचा स्टाइल नंबरही जुळायला हवा.

दुसरे पर्याय आहेत आणि काही वाईट नाहीत. हाफ मॅरेथॉनला आणि दहा किलोमीटरला नायकेचाच व्हेपरफ्लाय ३ जास्त हलका आणि वळणांवर चपळ. कमानीची तक्रारही त्यात कमी. ॲसिक्सच्या मेटास्पीडमध्ये लांब ढांगेसाठी स्काय आणि भराभर पावलं टाकणाऱ्यांसाठी एज असे प्रकार आहेत. आदिदासच्या अडिओस प्रोमध्ये सलग प्लेटऐवजी कार्बनच्या काड्या आहेत आणि तळ सपाट वाटतो. प्यूमाच्या फास्ट-आर ३ ने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या चाचणीत अल्फाफ्लाय ३ लाही तीन टक्क्यांहून जास्त मागे टाकलं, फक्त तिथे पैसा प्यूमाचा होता. चार तासांच्या आसपास असलेल्यांना आमचा कौल नायलॉन प्लेटच्या सॉकोनी एंडॉर्फिन स्पीडसारख्या शूला. तो वळतो, चालताना त्रास देत नाही, आठवड्याच्या टेम्पोलाही चालतो आणि त्यातून वाचलेल्या पैशांत सरावाचा एक चांगला जोड येतो. ३:४५ च्या खाली आलात आणि कमानीला लागत नाही याची खात्री झाली, की मग अल्फाफ्लायचा विचार करा.

घ्यायचाच असेल तर मुंबईसाठी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हातात हवा. शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारच्या सुमारास असते. आधी घरात, फरशीवर, मोज्यांसह दहा-पंधरा मिनिटं चालून नंबर तपासा. तळाला माती लागली की बदलून मिळत नाही. डिसेंबरात हवा तो नंबर मिळेलच असं नाही, आणि जानेवारीत मिळाला तरी त्यातला ३० किलोमीटरचा रन करायला आठवडे उरलेले नसतात.